सरांचा संशय

गंगाखेडला आम्ही ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो, त्यांना सगळी गल्ली सर म्हणायची आणि सगळी गल्ली टाळायची. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. उंच, वाळलेले, मानेला कायम एक निळा मफलर, मग बाहेर एप्रिल का असेना. त्यांना कुणी काहीही सांगितलं की ते डोळे बारीक करायचे आणि विचारायचे, "कशावरून?"

गाडी लेट आहे म्हणावं तर कशावरून. भाजी ताजी आहे म्हणावं तर कशावरून. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे आणि माझे मिस्टर साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत असं सांगितलं. त्यावर त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी ओळखपत्र काढून दिलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला आणि म्हणाले, "यात तुम्ही जाड दिसायलात." त्यांचा होकार देण्याचा हा प्रकार आहे, हे मला पुढे कळलं.

दूधवाल्याला ते आधी घोटभर दूध प्यायला लावायचे आणि तो मरत नाही ना ते बघत उभे राहायचे. दूधवाला खुशीने प्यायचा, कारण तेवढं तो मापात कमी घालायचा. ही गोष्ट गल्लीत सरांखेरीज सगळ्यांना माहीत होती. कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, परत येऊन ओढायचे. एकदा मी वरून म्हणाले, "लागलंय सर, मी बघितलं." त्यानंतर आठवडाभर त्यांची माझ्याकडे बघण्याची तऱ्हाच बदलली. त्यांच्या कुलुपाकडे मी कशासाठी बघत होते, असा त्यांना प्रश्न पडला असावा.

एकुलता एक मुलगा पुण्यात. सून दिवाळीला काजूकतली घेऊन आली तर सरांनी तिच्यादेखत पुड्याचं सील तपासलं. पुढच्या दिवाळीला ती आली नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. जुनी माणसं सांगायची, सर ओट्यावर कुणावर आवाज चढवायला लागले की त्या आतून नुसतं "असू द्या हो" म्हणायच्या, आणि सर पुटपुटत का होईना, आत जायचे. त्या गेल्यावर आत बोलावणारं कुणी राहिलं नाही.

पण त्यांचा सगळ्यात मोठा संशय पाण्याचा. नळ आठवड्यातून एखाद्या वेळी येणार, गच्चीवरची टाकी दोन्ही घरांत मिळून एक. सर खाली खुर्ची टाकून पाइपातला आवाज ऐकत बसायचे. आमच्या मोरीतला नळ जरा जास्त वेळ चालला की जिन्यातून हाक यायची, "पाणी कोण सांडायलंय?" माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, त्या वरून मुद्दाम तांब्या आपटायच्या.

मुक्ता, आमची एकुलती एक, चौथीत असताना तिला साखर निघाली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही म्हाताऱ्यांची साखर नव्हे. तिच्या अंगात इन्सुलिन बनणंच थांबलंय, रोज बाहेरून द्यावं लागेल, आयुष्यभर. मी मान हलवली. घरी आल्यावर पहिल्यांदा रडले.

मग घरात गुन्हेगाराचा शोध सुरू झाला. सासूबाईंनी माझ्या माहेरची खानेसुमारी केली. तुझ्या मामाला होती ना, मग झालं तर. कारखान्यातले लोक माझ्या मिस्टरांना म्हणाले, साखरेत नोकरी करता, लेकराला भोवली. ते मनाला इतकं लागलं की महिनाभर त्यांनी चहात साखर घेतली नाही. मला शेजारणीच्या नजरेचा संशय, मग गरोदरपणी खाल्लेल्या एका गोळीचा संशय, मग एका तापाचा संशय. मनात सारखं तेच चालायचं.

एका संध्याकाळी मुक्ता ओट्यावर पाटी घेऊन बसली होती आणि मी तिच्याकडे बघत पायरीवर बसले होते. सर खुर्चीतून म्हणाले, "बाई, कुणावर शक घ्यायलात सध्या?"

मी चिडून म्हणाले, "तुम्ही मला विचारता?"

"मीच विचारणार. मला त्यातलं कळतं." मग खुर्ची थोडी जवळ ओढून, शिकवायच्या सुरात ते बोलायला लागले. अंगात पहारेकरी पेशी असतात, रोगजंतूंना ओळखून मारणाऱ्या. कधी कधी त्या घरच्यालाच चोर ठरवतात. मुक्ताच्या पहारेकऱ्यांनी तिच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना चोर ठरवलं आणि मारून टाकलं. "पण मुळात असं सगळ्यांना का होत न्हाई, ते सांगा."

"का?"

"कारण पहारेकऱ्यांतच एक जात अशी हाय, तिचं काम मारायचं नसतं. मारायला उठलेल्याचा हात धरायचं असतं. नियामक पेशी. थांब बाबा, हा आपला हाय, असं म्हणणाऱ्या. त्या कमी पडल्या किंवा त्यांचं कुणी ऐकलं न्हाई, की असं होतं." बोलता बोलता ते थांबले. मफलर नीट केला. "आमची ही त्या जातीची होती," एवढं म्हणून त्यांनी विषय बदलला.

मी विचारलं, त्या पेशी वाढवता येत नाहीत का?

"उंदरांत जमलंय. माणसांत प्रयत्न चाललेत. ज्यांना अजून आजार झाला न्हाई पण होणार असं दिसतं, त्यांच्यात तो थोपवता येईल का, ते बघायलेत. मध्ये ह्या पेशींच्या शोधाला जगातलं मोठं बक्षीस मिळालं, पेपरात वाचलं असेल. पण शास्त्रज्ञ काय लिहितात? कदाचित. तो शब्द मला लय आवडतो. कदाचित म्हणणाऱ्या माणसावर मी कधी शक घेत न्हाई."

"म्हणजे मुक्तासाठी काही नाही."

"आज तिच्यासाठी सुई हाय. ती सोडायची न्हाई." आणि मग, जणू फार बोललो असं वाटून, "वरचा नळ ठिबकायलाय का हो?"

त्या दिवसापासून मला त्यांचा राग येईनासा झाला, संशय मात्र वाढला. मुक्ता खेळायला निघाली की ते तिला थांबवायचे. दुपारी काय खाल्लं, लघवीला किती वेळा गेलीस, तहान लागते का. दुसऱ्याच्या मुलीला लघवीचं विचारणारा म्हातारा! मिस्टर म्हणाले, घर बदलू. मी म्हणाले, बघू. मुक्ताला मात्र सर आवडायचे. ती त्यांना उलट "कशावरून?" विचारायची आणि ते खरोखर उत्तर द्यायचे.

अंगणात त्यांचं कढीपत्त्याचं झाड होतं. त्याची पानं कुणी तोडतं, असा सरांचा दाट संशय. एके दिवशी त्यांनी एका फांदीला बारीक पांढरा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी दोरा तुटलेला. सर थेट जिना चढून आले आणि माझ्या सासूबाईंना, शेजारच्या दोघी बायका बसलेल्या असताना, म्हणाले, "पानं तुम्ही नेली. दोरा तुटलाय."

सासूबाई म्हणजे येलदरीकडच्या. माहेरी शेती, घर भरलेलं, कुणापुढे मान खाली घालायची सवय नाही. त्या उठून उभ्या राहिल्या. "मी काय चोर हाय का? माझ्या माहेरात ह्या झाडाचं कुंपण हाय, कुंपण! चार काड्यांसाठी तुमच्या दारात हात घालीन? शिकलेला माणूस हायसा का कोण हायसा?"

"कशावरून तुमी न्हाई नेली?"

"मुक्ते, आत चल. ह्या माणसाच्या सावलीला उभं राहू नको."

त्या दिवसापासून सर जे म्हणतील त्याच्या उलट करायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. सर म्हणाले आज ऊन आहे की त्या कपडे आत घ्यायच्या.

याच सुमारास तो तरुण आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग, बोलणं मधाळ. पूर्णा गावचा आहे म्हणाला. आमच्याकडे साखरेची मुलगी आहे हे त्याला कुणी सांगितलं, विचारलं तर हसला. बॅगेतून त्याने हिरवा डबा काढला. चूर्ण. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं: नियामक पेशी वाढवणारे.

मी दचकलेच. सरांनी सांगितलेला शब्द, जशाच्या तसा. तो म्हणाला, "मी सरांचाच विद्यार्थी." माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. सरांनीच धाडलंय की काय याला? सगळ्यांवर संशय घेणारा माणूस, त्याच्यावर संशय घ्यायला कुणाला सुचणार?

तेवढ्यात खुद्द सरच जिन्यात उभे. तो तरुण धावत जाऊन त्यांच्या पाया पडला. "सर, तुमच्यामुळेच इथवर आलो."

"माझ्यामुळं कुणी कुठं आलं न्हाई," सर म्हणाले. "डबा दाखव." त्यांनी तो लांब धरून वाचला. "इम्युनिटी दणकट करते. नियामक पेशी वाढवते. म्हणजे मारणारे पण वाढवायलास आणि त्यांचा हात धरणारे पण? अरे, तिच्या अंगातले पहारेकरीच पिसाळलेत, त्यांना खुराक कशाला देतोस? कशावरून वाढतात? कुणात बघितलं?"

"सर, लय लोकांना गुण आलाय."

"कुणाला? नाव सांग."

तो आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, "सर पहिल्यापासून असेच आहेत." आणि खरं सांगायचं तर आम्ही तिघंही, मिस्टर, सासूबाई आणि मी, त्याच्याबरोबर थोडं हसलो. सरांचं कुणी मनावर घेत नसे. पेपरवाला, पोस्टमन, गॅसवाला, सगळेच त्यांच्या लेखी भामटे. त्यात हा एक. चूर्ण मी घेतलं नाही, कारण डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काही घेत नव्हते. तो गेला. सासूबाई त्याला सोडायला फाटकापर्यंत गेल्या होत्या, हे मी बघितलं आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

थोड्याच दिवसांनी माझं परभणीला निवासी प्रशिक्षण लागलं. मिस्टरांचा गळीत हंगाम ऐन भरात, कारखान्यातून येऊन ते नुसते आडवे व्हायचे. मुक्ता इन्सुलिनच्या पेनने स्वतः सुई टोचून घ्यायला शिकली होती, फक्त मोठं माणूस समोर हवं. ते काम सासूबाईंकडे दिलं. रोज फोन करायचे. "सुई दिली का?" "दिली." "साखर किती?" त्या आकडा सांगायच्या, चांगला असायचा. मुक्ता पण म्हणायची, "दिली आई."

मग एका दुपारी वर्ग चालू असताना सरांचा फोन आला. मी बाहेर येऊन घेतला.

"बाई, तुमच्याकडं पाणी लय जायलंय."

"सर, आल्यावर बोलू. मी प्रशिक्षणात आहे."

"सांडायलं न्हाई कुणी. मी आवाज ओळखतो. मोरी सारखी चालू हाय. वर जाऊन बघितलं तर मुक्ता तांब्याला तोंड लावून बसलीय. उलट्या करायलीय. श्वास लांब घ्यायलीय आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास हाय. सुई दिली का विचारलं तर तुमच्या सासूबाईंनी दार लावून घेतलं."

मी ओरडले, "दार फोडा सर."

"ते उघडायला लावलंय. मेडिकलवाल्याची गाडी आणलीय. निघतोय आम्ही. तुम्ही दवाखान्याच्या फाटकात उभ्या राहा."

परभणीच्या दवाखान्याच्या फाटकात मी उभी होते, तो वेळ मला नीट आठवत नाही. येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या मागे मी धावत होते. शेवटी गाडी आली. पुढे सर, हातात तो हिरवा डबा. मागे सासूबाई, मांडीवर मुक्ता. तिचे ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले, छाती भात्यासारखी वरखाली. तिला उचलून आत नेलं. सलाइन लागलं, इन्सुलिन सुरू झालं.

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. "इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

मिस्टर कारखान्याच्या कपड्यांतच मोटारसायकलवर येऊन पोचले होते, ते जमिनीकडे बघत होते.

"म्या बंद केली," सासूबाई म्हणाल्या. "त्या पोरानं सांगितलं, सुई आणि चूर्ण संगं चालत न्हाई. साखर आधी वर जाती म्हणला, घाण निघून जाती, मग उतरती. मुक्तीला बी सुई नको झाली होती. आमी दोघींनी ठरवलं, तिच्या आईला आल्यावर सांगू. खुशखबर म्हणून." त्यांनी पदर तोंडाला लावला. "तिचे बोटं पाहवंनात मला. टोचून टोचून काळे पडलेत लेकराचे बोटं."

"अजून उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "आता येईल ताळ्यावर. पण लक्ष ठेवावं लागेल." आणि त्या आत गेल्या.

मग माझा तोल गेला. त्या व्हरांड्यात, लोक बघत असताना, मी सासूबाईंना म्हणाले, "आत्या, आता तुम्ही येलदरीला जायचं. आजच. माझ्या लेकराच्या आसपास मला तुम्ही दिसायला नको. रोज खोटं बोलत होता तुम्ही मला. रोज!" त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मला माहीत होतं, मिस्टर माझ्या बाजूने होते, आणि बाहेर जाऊन त्यांना बसमध्ये बसवूनही आले असते.

आता सर बोलणार, हे मी गृहीत धरलं होतं. आयुष्यभर घेतलेल्या संशयांपैकी एक पुराव्यासकट खरा ठरला होता. डबा त्यांच्या हातात होता आणि ज्या बाईने त्यांचा पाणउतारा केला ती त्यांच्या पायाशी बसली होती. सर पुढे आले, आणि त्यांनी माझा हात धरला. मनगटाजवळ, घट्ट.

"बाई, थांबा."

"तुम्ही मध्ये पडू नका सर."

"मध्येच पडायचंय मला." त्यांनी डबा सासूबाईंच्या दिशेने केला. "ह्यांना मी चार बायकांत चोर म्हणलो. पानांपायी. मग मी चूर्णाला नको म्हणलो, तर ह्यांनी माझं का ऐकावं? तुम्ही तरी ऐकलं का? हसलात. मी दूधवाल्याला चोर म्हणतो, पोस्टमनला म्हणतो, सुनेला म्हणलो. खरा चोर माझ्या डोळ्यांदेखत जिना चढून आला आणि माझं ओरडणं तुम्हाला रोजचंच वाटलं. ह्यात माझा बी हिस्सा हाय."

"म्हणून काय झालं? माझी मुलगी मेली असती."

"मेली असती," सर म्हणाले. "पण ह्यांनी तिचं दुखणं थांबवायला केलं. वैरी न्हाईत ह्या. घरच्या हायत."

"मग काय करू? परत हिच्या ताब्यात देऊ?" मी सासूबाईंचा एकेरी उल्लेख केला, आयुष्यात पहिल्यांदा.

"द्या. तुम्ही शाळेत, हे कारखान्यात. घरात दुपारी याच असतात. ह्यांना घालवून पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवणार? सुई ह्यांच्या हातात द्या. शिकवा. त्यांच्या हातानं द्यायला लावा."

"आणि विश्वास कसा ठेवू?"

"विश्वास ठेवा असं कुठं म्हणलो मी? बघत उभ्या राहा. पण हाकलू नका."

त्यांनी हात सोडला. सासूबाई खालून वर बघत होत्या, सरांकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर शुद्ध संशय होता. हा माणूस आपली बाजू का घेतोय, हे त्यांना कळत नव्हतं. मलाही पूर्ण कळलं नव्हतं. पण मी येलदरीचं नाव पुन्हा काढलं नाही.

मुक्ता सावरली. सलाइन निघालं आणि तिला पहिलं जेवण द्यायचं ठरलं, तेव्हा सिस्टर पेन घेऊन आल्या. मी ते त्यांच्याकडून घेतलं आणि सासूबाईंपुढे धरलं. त्यांनी हात मागे घेतला. "मला जमायचं न्हाई गं." मी तसंच धरून ठेवलं. मुक्ताने स्वतःच पोटावरचा झगा वर केला आणि बोट ठेवून म्हणाली, "आज्जी, हितं." सासूबाईंनी डोळे मिटून टोचायला घेतलं, तशा सिस्टर ओरडल्या, "डोळे उघडे ठेवा आजी!"

गंगाखेडला परतल्यावर सर सुधारले असं कुणाला वाटेल, तर तसं काही झालं नाही. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, "मुक्ताची तहान गेली ना? मग नळ का चालू हाय?" त्या तरुणाचा फोन बंद झाला, तो परत कधी दिसला नाही. त्याला आमचं कुणी सांगितलं, ते आजही उघड झालेलं नाही. मला मेडिकलवाल्याचा संशय आहे, इन्सुलिन आम्ही त्याच्याकडूनच घ्यायचो. ज्याच्या गाडीतून मुक्ता वेळेवर पोचली त्याच्यावर संशय घेणं बरं नव्हे, पण येतो. मेडिकलवाल्याचा संशय सरांवर आहे.

पुढे मुलाने सरांना पुण्याला नेलं. तिकडून फोन करायचे, मुक्ताची साखर विचारायचे, आकडा सांगितला की साखर मोजायचं मीटर नवं आहे की जुनं ते विचारायचे. तिथेच ते गेले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मुक्ता आता आठवीत आहे. सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा हलका झालाय, मी टोचायला गेले तर मुक्ता तोंड वाकडं करते. तरी सुटीच्या दिवशी दुपारी सासूबाई पेन हातात घेतात तेव्हा माझं हातातलं काम सुटतं आणि मी दारात येऊन उभी राहते. त्यांना ते कळतं. पेनवरचा डोसचा आकडा माझ्याकडे वळवून धरतात, मी मान हलवेपर्यंत थांबतात, आणि मग टोचतात.